पहिला सर्फबोर्ड निवडताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात राहून सर्फिंग शिकू पाहणाऱ्यांना बोर्ड घेताना जे प्रश्न पडतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. खाडीकाठच्या माणसाची अडचण किनाऱ्यावर राहणाऱ्यापेक्षा वेगळी असते. किनाऱ्यावरचा मुलगा शाळा सुटल्यावर रोज पाण्यात उतरू शकतो. आपल्या वाट्याला मात्र सुट्ट्या, रजा आणि गाडीचे आरक्षण जुळून आले तर वर्षाकाठी लाटांचे दहा-बारा दिवस येतात, फार तर वीस. या थोड्या दिवसांत जास्तीत जास्त लाटा कोणता बोर्ड मिळवून देईल, हाच निवडीचा खरा निकष आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याला धरूनच लिहिली आहेत.

मी अजून एकदाही लाटेवर उभा राहिलेलो नाही. आताच बोर्ड विकत घ्यावा का?

घेऊ नये. सर्फिंग शिकवणाऱ्या बहुतेक ठिकाणी शिकवणीच्या शुल्कातच बोर्ड मिळतो. कर्नाटकातील मुल्की, गोव्यातील आश्वे-मांद्रे, केरळमधील वर्कला आणि कोवळम, चेन्नईजवळचे कोवलम ही त्यांतली ओळखीची ठिकाणे. पहिले सहा-आठ धडे तिथल्याच बोर्डावर घ्यावेत. पैसे वाचतात हा त्यातला लहान फायदा झाला. मोठा फायदा असा की, आठवड्याभरात तीन-चार निरनिराळ्या लांबीचे बोर्ड अंगाखाली येतात आणि आपल्याला कोणता सोसतो हे छापील माहिती न वाचताही कळते.

तेव्हा एक सवय मात्र लावून घ्यावी. बहुतेक बोर्डांवर, मधल्या रेषेलगत किंवा शेपटीकडे, लांबी, रुंदी, जाडी आणि पुष्कळदा लिटरचा आकडाही लिहिलेला असतो. पाण्यातून बाहेर आल्यावर तो आकडा आणि त्या दिवशी किती लाटांवर उभे राहता आले, एवढेच वहीत टिपून ठेवावे. पाच-सहा दिवसांची ही टिपणे दुकानात कोणत्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मग विकत घेण्याची वेळ आली, हे कसे ओळखावे?

लाट फुटल्यावर किनाऱ्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या फेसात, प्रशिक्षकाने मागून न ढकलता, स्वतः वल्हवून तुम्ही दहापैकी सहा-सात वेळा उभे राहू लागलात आणि त्याच मोसमात आणखी दोन-तीन फेऱ्या नक्की होणार असतील, तर बोर्ड घेण्यात अर्थ आहे. वर्षातून एकदाच चार दिवस गोव्याला जाणार असाल, तर भाड्याचाच बोर्ड बरा. घरी ठेवलेला बोर्ड जागाही अडवतो आणि मनालाही टोचत राहतो.

थोडक्यात सांगा, कोणता बोर्ड घ्यावा?

सुमारे आठ फूट लांब, साडेबावीस इंचांच्या आसपास रुंद, तीन इंचांहून थोडा जाड आणि मऊ पृष्ठभागाचा बोर्ड, ज्याला बाजारात सॉफ्ट-टॉप किंवा फोम बोर्ड म्हणतात. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या प्रौढ नवशिक्याला हाच सुचवावा, असे माझे ठाम मत आहे.

या बोर्डाच्या पोटात थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोम असतो. तो वाकू नये म्हणून लांबीच्या दिशेने लाकडाच्या एक, दोन किंवा तीन पट्ट्या बसवलेल्या असतात. वरच्या बाजूला चटईसारखा मऊ थर असतो आणि खाली पाण्यावरून सहज घसरणारा गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा. शिकताना लागणारा मार बहुतेक वेळा दगडाचा किंवा तळाचा नसून आपल्याच बोर्डाचा असतो. लाट माणसाला पाडते, बोर्ड हवेत उडतो आणि डोके पाण्याबाहेर येते त्याच क्षणी तो परत येतो. त्या क्षणी बोर्डाची कड मऊ असणे आणि फायबरची कडक असणे यांत कपाळावरच्या टाक्यांचा फरक पडू शकतो.

लांबीचे कारण वेगळे आहे. लाट पकडायची म्हणजे ती मागून येऊन आपल्याला उचलेपर्यंत आपला वेग तिच्या वेगाच्या जवळ न्यायचा असतो. लांब बोर्ड वल्हवताना पाण्यावर सपाट राहतो, कमी कष्टात वेग धरतो आणि लाट उभी चढून फुटण्याआधीच तिच्यावर आरूढ होतो. त्यामुळे उभे राहायला एक-दोन सेकंद जास्त मिळतात, आणि नवशिक्याला कमी पडतात ते नेमके हेच सेकंद.

लिटरमध्ये सांगतात ते व्हॉल्यूम म्हणजे काय? ते किती हवे?

बोर्ड जेवढी जागा व्यापतो, तिचे माप म्हणजे व्हॉल्यूम. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू होते. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो असते, समुद्राच्या पाण्याचे किंचित जास्त. म्हणजे ऐंशी लिटरचा आणि सहा किलोचा बोर्ड पूर्ण पाण्याखाली दाबायला त्याच्यावर साधारण पंचाहत्तर किलो भार द्यावा लागेल. सत्तर किलोचा माणूस त्याच्यावर पालथा झोपला, तर बोर्डाची कड पाण्याच्या वर दिसते आणि हात मोकळेपणाने फिरतात. तोच माणूस पस्तीस लिटरच्या बोर्डावर झोपला, तर बोर्ड छातीखाली बुडतो, पाणी खांद्यांपर्यंत येते आणि प्रत्येक हातासरशी पुढे जाण्याऐवजी नुसते तरंगत राहण्यातच शक्ती जाते.

नवशिक्यासाठी व्हॉल्यूमचा आकडा किलोमधल्या वजनाएवढा तरी असावा, थोडा जास्त असला तर उत्तमच. ढोबळ मानाने सांगायचे तर पंचावन्न किलोपर्यंतच्या व्यक्तीला साडेसात ते आठ फूट आणि साठ-सत्तर लिटर. पंचावन्न ते पंचाहत्तर किलोला आठ फूट आणि पंचाहत्तर-पंच्याऐंशी लिटर. त्याहून जास्त वजनाला साडेआठ ते नऊ फूट आणि नव्वद लिटर किंवा त्याच्या पुढे. पन्नाशीच्या आसपास शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या खांद्यांना बैठ्या कामाची सवय झाली आहे त्यांनी, या आकड्यांत आणखी दहा लिटर मिळवावेत. त्यात काही कमीपणा नाही.

लिटरचा आकडा सारखा असला तरी दोन बोर्ड सारखे नसतात. जाड पण अरुंद बोर्ड पायाखाली लाटण्यासारखा गडगडतो. तेवढ्याच लिटरचा रुंद बोर्ड स्थिर राहतो. म्हणून बावीस इंचांपेक्षा कमी रुंदीचा पहिला बोर्ड प्रौढाने घेऊ नये. नाक किंचित वर वळलेले असावे, नाहीतर लाटेच्या उतारावर ते पाण्यात घुसून बोर्ड कोलांटी मारतो. पण बाकीचा बोर्ड जितका सपाट, तितका तो सोपा.

मित्र म्हणतो, मोठा बोर्ड लवकरच नकोसा होतो, म्हणून थेट सहा फुटांचा शॉर्टबोर्ड घ्यावा. हे बरोबर आहे का?

हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण आपल्यासारख्यांना तो फार महागात पडतो. माझाही पहिला बोर्ड असाच होता: सहा फूट चार इंच, फायबरचा, जुना, पिवळसर पडलेला आणि दिसायला अतिशय देखणा. तीन फेऱ्या झाल्या, सात दिवस पाण्यात गेले. त्या सात दिवसांत लाट अंगाखालून निघून जाताना किती वेळा पाहिली याची गणती नाही. नीट उभा राहिलो तो दोनदा, तेही क्षणभर. चौथ्या फेरीला तो घरीच ठेवला आणि मुल्कीला भाड्याचा आठ फुटी फोम बोर्ड घेतला. पहिल्याच सकाळी पाच लाटा किनाऱ्याच्या वाळूपर्यंत उभ्याने आलो. माझ्यात काही बदल झाला नव्हता. पायाखालचे लिटर तेवढे दुपटीहून जास्त झाले होते.

किनाऱ्यावर राहणाऱ्याचे सात दिवस म्हणजे एक आठवडा. ठाण्याच्या माणसाचे सात दिवस म्हणजे अर्धे वर्ष. शॉर्टबोर्डवर शिकणे अशक्य नाही, पण त्यासाठी रोजचे पाणी लागते, आणि नेमके तेच आपल्याकडे नाही.

मोठा बोर्ड नकोसा होतो, हेही अर्धेच खरे आहे. कोकणात आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा बहुतेक गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या असतात. अशा मवाळ लाटांत लहान बोर्ड घेतलेले अनुभवी लोकसुद्धा पाण्यात बसून राहतात आणि मोठ्या बोर्डावरची माणसे लाटांमागून लाटा घेत असतात.

फायबरचा लाँगबोर्ड किंवा मिनी-माल घेतला तर?

सात-आठ फुटांचा, गोल नाकाचा मिनी-माल किंवा नऊ फुटांचा लाँगबोर्ड पाण्यावर फार सुंदर चालतो आणि वळतोही सॉफ्ट-टॉपपेक्षा गोडीने. ज्यांनी वीस-पंचवीस दिवस पाण्यात काढले आहेत आणि जे पडताना बोर्ड स्वतःपासून दूर ठेवायला शिकले आहेत, त्यांनी तो जरूर घ्यावा. त्याआधी घेऊ नये. त्याचे वजन जास्त असते, कड कडक असते आणि एकदा फुटला की दुरुस्ती होईपर्यंत पाण्यात नेता येत नाही. गर्दीच्या किनाऱ्यावर शेजारी पोहणाऱ्या लहान मुलांचा विचारही येथे करायला हवा.

जुना बोर्ड घेताना काय तपासावे?

मोसम संपत येतो तेव्हा, म्हणजे मेच्या सुरुवातीला, शिकवणाऱ्या संस्थांकडे चौकशी करून ठेवावी. वापरलेले बोर्ड मिळण्याची शक्यता तेव्हा बरी असते. मात्र बोर्ड उन्हात, कोरडा असताना आणि स्वतःच्या हातांनी तपासावा. फोटो पाहून ठरवू नये.

पहिल्यांदा बोर्ड उचलून पाहावा. दिसण्याच्या मानाने तो जड वाटला, तर पाणी आत शिरलेले असण्याची दाट शक्यता आहे. मग वरच्या पृष्ठभागावर, विशेषतः जिथे पाय आणि छाती टेकते तिथे, अंगठ्याने दाबत जावे. पापड हाताखाली किंचित दबून परत वर यावा तसे कुठे लागले, तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे. फिन (बोर्डाखालची पाती) बसवायच्या खाचांभोवती आणि लीश (बोर्ड पायाला जोडणारी दोरी) बांधायच्या वाटीभोवती केसासारख्या बारीक भेगा आहेत का, ते बोट फिरवून पाहावे. शेवटी बोर्ड डोळ्यासमोर धरून, बंदुकीचा नेम धरतात तसे, नाकापासून शेपटीपर्यंत पाहावे. मध्येच आडवी सुरकुती दिसली, तर तो एकदा वाकून सरळ केलेला बोर्ड आहे आणि पुढच्या जोरदार लाटेला तो तिथेच मोडेल.

वर सांगितलेला माझा सहा फुटी बोर्ड मी यांपैकी काहीही न तपासता घेतला होता. विकणाऱ्याने तो पूर्ण कोरडा असल्याचे सांगितले होते. घरी आणून गॅलरीत शेपटी खाली करून उभा केला, तर सकाळी फरशीवर तळहाताएवढे पाणी साचलेले होते. रात्री पाऊस झाला नव्हता. बोट लावून जिभेवर ठेवले, तर पाणी खारट. बोर्ड रात्रभर आतले समुद्राचे पाणी टिपकत होता. नंतर पाहिले, तेव्हा फिनच्या खाचेजवळ एक भेग सापडली. तिच्यावर पांढरा रंग चोपडलेला होता. तेव्हापासून जुना बोर्ड पाहायला जाताना मी एक कोरडा कागदी रुमाल सोबत ठेवतो. शेपटीकडची भेग जोरात दाबून तिच्यावर कागद टेकवला, की आत ओल असल्यास तो भिजतो.

जुन्या फोम बोर्डाच्या खालच्या प्लास्टिकवर ओरखडे असणे स्वाभाविक आहे, त्यावरून बोर्ड नाकारू नये. पण वरचा थर कडेला उकलत असेल किंवा मधली लाकडी पट्टी मोडल्यामुळे बोर्ड हाताने सहज वाकत असेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

फिन, लीश आणि वॅक्स यांचे काय?

फिन म्हणजे बोर्डाखालची पाती. सॉफ्ट-टॉपबरोबर बहुधा लवचीक प्लास्टिकच्या तीन फिन येतात आणि नवशिक्याला त्याच पुरतात. तीन फिनची ही मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८०-८१ च्या सुमारास रूढ केली आणि आज बहुतेक बोर्ड तिच्यावरच चालतात. फिनचे स्क्रू प्रवासात सैल होतात, म्हणून स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की बोर्डाच्या पिशवीतच ठेवावी.

लीश म्हणजे बोर्ड आणि पाय यांना जोडणारी दोरी. तिच्याबाबत कोणतीही काटकसर करू नये. तिची लांबी बोर्डाएवढी असावी: आठ फुटी बोर्डाला आठ फुटी लीश. आखूड लीशने बोर्ड झटका देऊन अंगावर परत येतो. लीश नेहमी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. लाटेवर डावा पाय पुढे येत असेल तर उजव्या पायाला, उजवा येत असेल तर डाव्या पायाला. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी ती हातातून सरकवत न्यावी आणि कुठे चीर लागली तर बदलावी. खोल पाण्यात लीश तुटली, तर बोर्ड किनाऱ्याकडे निघून जातो आणि थकलेला माणूस मागे राहतो. पोहता येणे ही या खेळाची पहिली अट आहे, ती याचसाठी.

वॅक्स म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला चोळायचे मेण. ते पायाला पकड देते. आपल्या समुद्राचे पाणी वर्षभर कोमट असते, म्हणून उष्ण कटिबंधासाठीचे कडक वॅक्सच घ्यावे. थंड पाण्याचे मऊ वॅक्स आपल्या उन्हात लोण्यासारखे वितळते. मऊ पृष्ठभागाच्या बोर्डालाही पाय ठेवायच्या जागी थोडे वॅक्स लागते. त्याच मऊ थराने पोट आणि छाती सोलवटते, म्हणून अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा रॅश गार्ड बोर्डाबरोबरच घ्यावा.

आठ फुटी बोर्ड आमच्या फ्लॅटमध्ये मावेल का?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि नंतर सर्वांना पडतो. आठ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर. बोर्ड मागवण्यापूर्वी टेप घेऊन तीन मापे घ्यावीत: लिफ्टच्या पिंजऱ्याच्या खालच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि घरात बोर्ड उभा राहील त्या ठिकाणची, तुळईखालची उंची. जुन्या इमारतींच्या लहान लिफ्टमध्ये आठ फुटी बोर्ड पुष्कळदा जात नाही आणि मग तो जिन्याने, कठड्याबाहेर थोडा काढून, दोघांनी मिळून न्यावा लागतो. फ्लॅटमध्ये जमिनीपासून छतापर्यंत साधारण नऊ-साडेनऊ फूट मिळतात. म्हणजे आठ फुटी बोर्ड उभा राहतो, पण नऊ फुटी बोर्ड तुळईखाली अडतो. घरात बोर्ड फिरवण्याआधी पंखा बंद करावा. हे क्षुल्लक वाटेल, पण उभा बोर्ड खांद्यावर घेऊन वळणाऱ्याचे लक्ष दाराकडे असते, छताकडे नसते.

बोर्ड गॅलरीत ठेवू नये. दुपारच्या उन्हाने फोममधली हवा प्रसरण पावते आणि वरचा थर फुगून सुटतो. बंद मोटारीत तर हे काही तासांत घडू शकते. दाराबाहेरच्या सामाईक मार्गिकेतही ठेवू नये. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते आणि सोसायटीचा आक्षेप योग्यच असतो. पलंगामागच्या भिंतीला, जाड कापड गुंडाळलेल्या दोन कंसांवर, बोर्ड आडवा ठेवणे सर्वांत चांगले. त्याआधी मात्र तो गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा.

किनाऱ्यापर्यंत न्यायचा कसा?

मोटारीच्या टपावर न्यायचा असेल तर कॅरियरला फोमच्या नळ्या लावाव्यात, बोर्ड पालथा, म्हणजे पायाची बाजू खाली आणि फिन वर व पुढच्या दिशेला, असा ठेवावा आणि कापडी पट्ट्यांनी बांधावा. पट्टे इतकेही आवळू नयेत की कडेला खोबणी पडेल. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाला लागल्यावर रस्त्याचे धक्के बसून पट्टे सैल होतातच, तेव्हा वडखळला चहाला थांबाल तेव्हा आणि नंतर प्रत्येक थांब्यावर ते हाताने ओढून पाहावेत.

मुल्की, उडुपीकडे किंवा गोव्याला जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या गाड्या ठाणे आणि पनवेलला थांबतात, त्यामुळे रेल्वेचा मोह होतो. परंतु डब्यात प्रवाशासोबत नेता येणाऱ्या पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे आणि आठ फुटी बोर्ड तिच्या दुपटीहून लांब असतो. तो पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून पाठवावा लागतो. तसे करताना फिन काढाव्यात, नाक आणि शेपटी जुन्या चादरींनी जाड गुंडाळावी. विमान कंपन्यांच्या लांबीच्या मर्यादा निरनिराळ्या असतात, म्हणून आधी विचारून मगच तिकीट काढावे.

खरे सांगायचे तर, दूरच्या किनाऱ्यावर नेहमी एकाच ठिकाणी जाणार असाल, तर बोर्ड तिथल्याच शिकवणाऱ्यांकडे थोड्या शुल्कात ठेवता येईल का, हे विचारून पाहावे. तशी सोय झाली तर लिफ्ट, पट्टे आणि पार्सल हे तिन्ही प्रश्न सुटतात.

ठाण्याच्या खाडीत किंवा तलावात सराव करता येईल का?

नाही. खाडीत फुटणारी लाट नसते. गाळ, कांदळवन आणि भरती-ओहोटीचा जोरदार ओढा असतो. शिवाय खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. तिथे बोर्ड घेऊन उतरणे अयोग्य आहे. तलावांमध्येही परवानगीशिवाय उतरू नये. वल्हवण्याची ताकद तरण तलावात पोहून वाढते, आणि झटकन उभे राहण्याचा सराव घरी चटईवर करता येतो.

कोकणातल्या लाटांसाठी वेगळा बोर्ड लागतो का? आणि कधी जावे?

वेगळा लागत नाही. आठ फुटी फोम बोर्ड आपल्या मवाळ, वाळूच्या तळाच्या पुळणींसाठीच जणू घडवला आहे. मोसम ऑक्टोबर ते मेचा मध्य. पावसाळ्यात पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओळखणारे कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. त्या समुद्रात नवशिक्याने बोर्ड घेऊन उतरणे म्हणजे जिवावरचा खेळ आहे.

सकाळी लवकर उतरावे. तेव्हा जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि लाटांची तोंडे स्वच्छ राहतात; दुपारनंतर खारे वारे सुटले की पाणी विस्कटते आणि रुंद बोर्ड वाऱ्याने हातातून फिरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात रायगडच्या किनाऱ्यांवर पाणी फार झपाट्याने चढते-उतरते आणि ओढही वाढते. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असतात, ते शिकायला जास्त सुरक्षित. दक्षिणेला कारवार-मुल्कीकडे भरती-ओहोटीतला फरक बराच कमी असतो, म्हणून तिथे शिकणे सोपे जाते. काशीदसारख्या उताराच्या, ओढ असलेल्या किनाऱ्यावर जीवरक्षक किंवा स्थानिक जाणकार सोबत असल्याशिवाय उतरू नये.

दहा वर्षांच्या मुलीसाठी कोणता बोर्ड घ्यावा?

तीस-पस्तीस किलोच्या मुलीला सहा ते साडेसहा फुटांचा सॉफ्ट-टॉप पुरतो. रुंदीकडे जास्त लक्ष द्यावे. बोर्ड बगलेत घेतल्यावर तिची बोटे खालच्या कडेला पोहोचली पाहिजेत, नाहीतर वाऱ्यात तो तिला सांभाळता येत नाही. फिनच्या कडा रबरी असाव्यात. उंची झपाट्याने वाढणाऱ्या मुलांसाठी दोन वर्षांनी बोर्ड बदलावाच लागतो, त्यामुळे येथे जुना बोर्ड घेणेच शहाणपणाचे.

स्टँड-अप पॅडल बोर्ड आहे. तोच चालेल का?

शांत पाण्यात चालेल, लाटांत नको. उभे राहून वल्ह्याने चालवायचा हा बोर्ड दहा-अकरा फुटांचा आणि तीस इंचांहून रुंद असतो. फेसात तो सुटला, तर आजूबाजूच्यांना धोका होतो.

बोर्ड फुटला तर घरी दुरुस्त करता येतो का?

लहान इजा दुरुस्त करता येते, पण बोर्ड कशाचा आहे हे आधी कळले पाहिजे. फायबरच्या बोर्डाच्या आत दोन प्रकारचे फोम असतात. पॉलियुरेथेनच्या बोर्डाला पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी यांपैकी कोणतेही रेझिन (वाळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) चालते. थर्माकोलच्या जातीच्या फोमला मात्र फक्त इपॉक्सीच लावावे, कारण पॉलिएस्टर रेझिन तो फोम विरघळवून टाकते. एका रुपयाएवढ्या भोकात चुकीचे रेझिन ओतले, तर आत वाटीएवढी पोकळी होते आणि वरून काहीच दिसत नाही. सॉफ्ट-टॉपच्या पोटातही हाच फोम असल्याने उग्र वासाचे, द्रावकयुक्त गोंद त्याला लावू नयेत.

कोणत्याही दुरुस्तीपूर्वी बोर्ड दोन-तीन दिवस, चीर खालच्या बाजूला येईल असा ठेवून, सावलीत पूर्ण वाळवावा. किनाऱ्यावर असतानाच भेग पडली, तर पाण्यातून लगेच बाहेर यावे. आणखी दोन लाटांच्या मोहात बोर्ड पाणी पितो.

किमतीचा अंदाज कसा बांधावा?

छापील किमतीवर जाऊ नये. आठ फुटांचे पार्सल घरापर्यंत आणण्याचा खर्च, लीश आणि फिन सोबत येतात की वेगळ्या घ्याव्या लागतात, पिशवी, वॅक्स आणि रॅश गार्ड, हे सगळे मिळवून दोन विक्रेत्यांची तुलना करावी. मग त्या बेरजेला, तुम्ही जाता त्या किनाऱ्यावरच्या बोर्डाच्या एका दिवसाच्या भाड्याने भागावे. जितके दिवस येतील तितके दिवस तुम्ही पुढच्या दोन वर्षांत खरोखर पाण्यात असाल का, हे पंचांग आणि रजेचा हिशेब समोर ठेवून पाहावे. उत्तर नाही आले, तर भाड्याचाच बोर्ड घेत राहावे.

बोर्ड घरपोच आला की पोहोचवणाऱ्यासमोरच वेष्टण उघडावे, नाक, शेपटी आणि दोन्ही कडा पाहाव्यात आणि मगच सही करावी. वाहतुकीत मार बसतो तो याच चार ठिकाणी.

दुसरा बोर्ड कधी घ्यावा?

न फुटलेली, हिरवी लाट स्वतः ओळखून पकडता येऊ लागली, तिच्यावर डावीकडे-उजवीकडे हवे तसे वळता येऊ लागले आणि आठ फुटी बोर्ड वळायला आळस करतो असे सलग दोन-तीन फेऱ्यांत जाणवले, की सात-साडेसात फुटांकडे यावे. एकदम दोन फूट कमी करू नयेत. आणि पहिला फोम बोर्ड लगेच विकू नये. तुम्हाला उभे राहिलेले पाहून घरातले, नाहीतर शेजारच्या इमारतीतले कोणीतरी पुढच्या फेरीला सोबत येतेच, आणि त्याला पहिल्या दिवशी हाच बोर्ड लागतो.